विंडोज १० संपलं म्हणून कॉम्प्युटर भंगारात काढू नका

नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: विंडोज १० बंद झालं, त्यामुळे जुने कॉम्प्युटर निकामी झाले. विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स फुकट मिळतं, पण ते इंजिनिअर लोकांचं काम. त्यात मराठी टाइप होत नाही, प्रिंटर चालत नाही, बँकेच्या आणि सरकारी साइट उघडत नाहीत. त्याचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्यांना दिसतो म्हणून ते असुरक्षित. बिघडलं तर नाशकात दुरुस्त करणारं कुणी नाही. तेव्हा नवा घ्या. हे वाचून लोक चांगले चालते कॉम्प्युटर मिळेल त्या भावाला देऊन टाकताहेत, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. कॉम्प्युटर काही त्या दिवशी बंद पडला नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळण्याची सोय कंपनीनेच ठेवली. विंडोज ११ ला मात्र टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे सहाव्या पिढीचा आय-५ आणि आठ जीबी रॅम असलेला धडधाकट लॅपटॉप त्या यादीतून बाहेर पडतो. कामातून तो बाद झालेला नसतो. लिनक्सच्या मिंट या प्रकाराला किमान दोन जीबी रॅम लागते, चार असली तर बरी. चारच असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी जलद डिस्क, बसवा. जुनं मशीन रखडतं ते बहुतेक वेळा त्या डिस्कपायी.

इंजिनिअरांपुरतं म्हणाल, तर केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. मिंटमध्ये खाली डावीकडे मेनू असतो आणि फोल्डर डबल-क्लिकने उघडतात. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सचाच गाभा आहे.

मराठी टाइप होत नाही, या वाक्याचा मला सर्वात जास्त राग आला, कारण ते वाचून आपलीच माणसं मागे फिरतात. इनस्क्रिप्ट ही सरकारने प्रमाण ठरवलेली कळरचना मिंटमध्ये आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउटच्या यादीत मराठी जोडली की झालं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. इंग्रजी स्पेलिंगच्या अंगाने टाइप करणाऱ्यांनी आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घ्यावं आणि आयट्रान्स पद्धत निवडावी. 'नाशिक' लिहायचं तर एन, कॅपिटल ए, एस, एच, आय, के, ए. शेवटचा ए राहिला तर 'क'चा पाय मोडलेला दिसतो. गूगलसारखे तयार शब्द ती सुचवत नाही, त्यामुळे सुरुवातीला हात अडखळतो, हे खरं.

खरी अडचण जुन्या फॉन्टची आहे. सोसायटीची जुनी इतिवृत्तं, देवस्थानच्या पावत्या, लग्नाच्या याद्या शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरंच, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसेल तर नव्या कोऱ्या विंडोजवरही तीच गिचमीड दिसते. त्या फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली की मजकूर वाचता येतो. तरी हा सगळा मजकूर एकदाचा युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय दिसणाऱ्या मराठीत, बदलून घ्या, मशीन कोणतंही असो.

प्रिंटरबद्दल सरसकट बोलण्यात अर्थ नाही, मॉडेल बघावं लागतं. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात. लेझरजेट १०२० सारख्या काही मॉडेलना एचपीलिप या एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरचं प्लगइन एकदा उतरवून घ्यावं लागतं. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कंपनीच्याच कॅप्ट नावाच्या खास पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर खूप त्रास देतो. तो घरात असेल तर घाई करू नका.

कोड उघडा म्हणजे घर उघडं, हा समज फार खोलवर रुजलाय. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या पण सगळीकडे लागणाऱ्या घटकात कुणीतरी चोरवाट घातली होती. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला सर्व्हरवर लॉगिन होताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा उशीर दिसला. तो का होतोय हे खणत गेल्यावर त्याला ती वाट सापडली. उघड्या कोडमध्येही घात होऊ शकतो, हे यातून दिसलं. पण बाहेरचा माणूस मुळापर्यंत पोचू शकला तो कोड उघडा होता म्हणूनच. उलट घरोघरी जो धोका आहे त्यावर हा मेसेज गप्प आहे: अँटीव्हायरस बंद करून बसवलेलं क्रॅक विंडोज आणि क्रॅक ऑफिस. तिथे आत काय आलंय हे कुणीच तपासलेलं नसतं.

नेटबँकिंग, डिजिलॉकर, आपले सरकार, महाडीबीटी ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत.

ज्यांनी विंडोज सोडू नये, त्यांनाही स्पष्ट सांगायला हवं. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर ज्याचं डीटीपीचं पोट आहे, त्याने बदलू नये. डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर आधी शोधा. एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये अनेकदा तुटतात, साधी पत्रं आणि हिशेब मात्र नीट उघडतात.

बाकीच्यांनी करून बघावं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या विंडोजवर चालणाऱ्या फुकट प्रोग्रॅमने मिंट चढवा, कॉम्प्युटर सुरू होताना एफ१२ किंवा तुमच्या कंपनीची जी कळ असेल ती दाबा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्कवरचं काही बदलत नाही. तिथेच वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी सगळं तपासा. पटलं तर बसवा, पण त्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. 'इरेज डिस्क' निवडलं की जुनं सगळं जातं.

राहिला दुरुस्तीचा मुद्दा. रॅम, स्क्रीन, चार्जिंगची पिन यांना आत कोणती सिस्टिम आहे याने फरक पडत नाही. एम. जी. रोडवरचा असो की सिडकोतला, जो मेकॅनिक आज हे करतो तोच उद्याही करेल. फक्त मशीन देताना 'यात लिनक्स आहे, न विचारता फॉरमॅट करू नका' अशी चिठ्ठी वर चिकटवा. नाहीतर सवयीने विंडोज टाकून परत देतील.