हौद्यातलं पिस्तूल आणि मानेवरचा माहूत

आज इथे इंग्लंडात एका लिलावाआधीच्या मांडणीत ‘हौदा पिस्तूल’ हातात घेऊन पाहिलं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

वस्तू देखणी आहे, खोटं कशाला बोलू! आखूड, जाड, वजनदार. दोन नळ्या, .५७७ बोअर, अक्रोडाची मूठ, पोलादावर बारीक वेलबुट्टी. जखमी वाघ हत्तीवर चढून थेट हौद्याला भिडला, तर तेवढ्या जवळून लांब रायफल फिरवता येत नाही. त्या घटकेला साहेबाचा जीव वाचावा म्हणून ही पिस्तुलं. आणि शेजारच्या कार्डावर काय, तर साहेबाच्या धाडसाची निशाणी!

अहो, कसलं धाडस? हौद्याच्या पुढे, हत्तीच्या मानेवर माहूत बसलेला असायचा. हातात फक्त अंकुश. वाघाच्या पंजाच्या वाटेत आधी तो. १८७८ च्या आर्म्स ॲक्टनं हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक नाही, गोऱ्याला सूट. माहुताचं नाव कुठल्याच कार्डावर नाही.

माझे मामाआजोबा चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) जंगलात हाक्याला जायचे, म्हणजे वाघाला शिकाऱ्याच्या दिशेनं हुसकायला. आमच्याकडे हत्ती-हौदे नव्हते, शिकारी मचाणावर आणि ही माणसं डबे बडवत पायी. एकदा गोळी वर्मी बसली नाही आणि वाघ उलटला तो हाकाऱ्यांवर. मामाआजोबांचा उजवा हात कायमचा गेला. मी त्यांना डाव्या हातानंच जेवताना पाहिलंय. पंगतीत लोक नाक मुरडायचे म्हणून ते शेवटी बसत.

मान्य, आपले राजेही कमी नव्हते. कूचबिहारच्या नृपेंद्र नारायणांच्या नावावर ३६५ वाघ आहेत. पण म्हणून १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि त्याच्या सोबतच्यांनी नेपाळच्या तराईत दहा दिवसांत ३९ वाघ पाडले, ते कौतुकाचं होतं का? त्या शिकारीत शेकडो हत्ती होते. म्हणजे शेकडो माहूत. सांगा एकाचं नाव.

मांडणीत एक म्हातारे संग्राहक भेटले. त्यांना मामाआजोबांच्या हाताबद्दल सांगितलं. त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि विचारलं, भरपाई मिळाली का? कुणी तरी विचारलं, एवढ्यानंच मला भरून आलं. नाही मिळाली. साहेब गेल्यानंतरचा हाका होता तो, शिकारी आपलेच. त्यांच्याही दिवाणखान्यात वाघाचं कातडं लागलं असेल.

संग्रह करू नका असं मी म्हणत नाही. तुम्ही जपलं नसतं तर हे सगळं भंगारात गेलं असतं, तेही खरं. पण कपाटातल्या कार्डावर नळीची लांबी लिहिता, कारागीर लिहिता, साहेबाची रेजिमेंट लिहिता. मग पुढे कोण बसायचं हेही लिहा. दोन ओळी लागतात.

आणि ज्यांच्या घरातलं कुणी हाक्याला गेलं होतं त्यांनी इथे खाली लिहा. गाव कुठलं, हाका कुणासाठी होता, मजुरी काय मिळाली. नाव विसरू नका. मी सगळं एका वहीत उतरवून घेणार आहे.