‘शेल्टरला सोडून या’ सांगणाऱ्या संदेशाविषयी

गेल्या काही महिन्यांपासून मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांत ‘पाळीव कुत्र्यांबाबत नवे नियम’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आता महापालिकेला कुत्र्यांसाठी शेल्टर चालवावेच लागते, त्यामुळे घरचा कुत्रा सांभाळणे जमत नसेल तर तो तेथे नेऊन द्यावा आणि त्यांना नकार देता येत नाही, असे त्यात पहिल्याच ओळीत म्हटले आहे. लस टोचलेली असेल तर परवाना लागत नाही, सोसायटीने बहुमताने ठराव केला तर कुत्रा पाळण्यास मनाई करता येते आणि पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींवर देशभर बंदी आहे, अशी आणखी तीन विधाने पुढे येतात. चारही विधाने चुकीची आहेत. त्यातले पहिले एखाद्या मुक्या जिवाच्या मुळावर येणारे असल्यामुळे त्याचा समाचार सविस्तर घेणे भाग आहे.

ज्या आदेशांचा आधार घेतला आहे ते मुळात पाळीव कुत्र्यांविषयी नाहीत. दिल्ली आणि परिसरातले भटके कुत्रे उचलून निवारा केंद्रांत ठेवावेत, असा आदेश ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ ऑगस्टला तो बदलला आणि नसबंदी व लसीकरण करून कुत्रे जेथून उचलले तेथेच परत सोडावेत, रेबीज झालेले वा तसा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत, असे सांगितले. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातले कुत्रे हलवून पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश ७ नोव्हेंबरचा. तिन्ही आदेशांचा विषय रस्त्यावरचा, बिनमालकाचा कुत्रा हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही हीच विभागणी आहे: रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, तर पाळीव प्राण्यांच्या बाबतीत तीच जबाबदारी मालकाची. न्यायालयाने महापालिकेवर टाकलेल्या कामातून मालकाची सुटका कशी होते, हे संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मुंबईत भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे ९० हजार मानली जाते. त्यांच्यासाठी जी केंद्रे चालतात ती प्रामुख्याने नसबंदीची आहेत. कुत्रा जाळीने पकडून आणायचा, शस्त्रक्रिया करायची, ओळखीसाठी कानाला खाच द्यायची, जखम भरेपर्यंत पिंजऱ्यात ठेवायचा आणि त्याच्या गल्लीत परत सोडायचा, असे हे चक्र असते. एक पिंजरा अडून राहिला की पुढचा कुत्रा उचलता येत नाही. परळचे बैलघोडा, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, हेही नावाप्रमाणे रुग्णालय आहे. मालकाच्या अडचणीवरचा उतारा म्हणून ते उभारलेले नाही.

पूर्व उपनगरातल्या अशाच एका केंद्रात मी काही काळ रविवारी मदतीला जात असे. तेथे कोणीतरी फाटकाला बांधून गेलेला लॅब्रेडॉर आला होता. पट्ट्याच्या जागी मानेवरचे केस झिजलेले, नखे फरशीवर वाजतील इतकी वाढलेली. फिरायला नेल्याशिवाय लघवी न करण्याची सवय असल्यामुळे तो पिंजऱ्यात रात्रभर थांबून राहिला आणि सकाळी दार उघडताच थेट रस्त्याकडे ओढू लागला. रस्त्यावरचा कुत्रा पिंजऱ्यात गुरगुरतो, जाळी चावतो. हा भिंतीकडे तोंड करून बसला होता. यात भावनेखेरीज रोगाचाही प्रश्न आहे. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि फरशीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. लस चुकलेला घरचा कुत्रा अशा गर्दीत आणून टाकणे म्हणजे त्याला रोगाच्या तोंडी देणे होय.

शिवाय सबळ कारणावाचून प्राणी असा टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे फार तर दोन-तीन वडापावांचे पैसे, हे मान्य केलेच पाहिजे. पण दंड हास्यास्पद आहे म्हणून कृत्य कायदेशीर ठरत नाही.

परवान्याबद्दलचे विधान तर उलटे टांगलेले आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार कुत्र्याचा परवाना सक्तीचा आहे आणि रेबीजची लस टोचल्याचा दाखला ही तो मिळवण्यासाठीची अट आहे. लस टोचली म्हणून परवाना नको, असे म्हणणे म्हणजे तिकिटाचे पैसे खिशात आहेत म्हणून लोकलमध्ये विनातिकीट चढण्यासारखे आहे. दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून कुत्रा पळाला तर तो कोणाचा, याचा अधिकृत पुरावा म्हणून हाच कागद दाखवता येतो.

सोसायटीच्या ठरावाविषयी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमत असले तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र सेक्रेटरींची प्रत्येक तक्रार निराधार असते असेही नाही. जिन्यातल्या लघवीचा वास खराच असतो. सार्वजनिक जागी कुत्र्याची घाण न उचलल्यास २००६ च्या स्वच्छता उपविधींत ५०० रुपये दंड ठेवला होता आणि आपल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सोसायटीला मालकावर शिस्त मागता येते. कुत्र्याला हद्दपार करता येत नाही.

राहिल्या २३ जाती. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने राज्यांना तसे पत्र पाठवले होते हे खरे. संबंधितांशी सल्लामसलत न केल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्द केले. संदेश मात्र मार्चमध्येच थांबला आहे.

बदली, आजारपण, घरातल्या वृद्धाचे निधन अशा कारणांनी कुत्रा सांभाळणे खरोखरच अशक्य होते, हे नाकारता येत नाही. तेव्हा नातेवाइकांत, ओळखीत किंवा दत्तक देणाऱ्या संस्थांमार्फत नवे घर शोधावे, दोन-तीन भेटी होऊ द्याव्यात, लसीकरणाचे कार्ड सोबत द्यावे आणि त्याच्या सवयी एका कागदावर लिहून द्याव्यात. त्या लॅब्रेडॉरसोबत चिठ्ठी नव्हती. ‘बस’ म्हणून पाहिले, ‘बैठ’ म्हणून पाहिले, तो हलला नाही. तिसऱ्या दिवशी साफसफाईला येणाऱ्या गुजराती बाई सहज ‘बेस’ म्हणाल्या आणि तो चटकन खाली बसला.