मागच्या टायरबद्दलच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पल्सर १५० ला आमच्या कराडच्या दुकानात जून २०२४ मध्ये बसवलेला मागचा टायर दहा महिन्यांत ‘मधोमध गोटा’ झाला, आम्ही पडून राहिलेला जुना माल आपल्या गळ्यात मारला आणि मागूनही १२० चा रुंद टायर दिला नाही, असे आपण लिहिले आहे. एक स्टार दिल्याचा राग नाही. जुन्या मालाचा आरोप मात्र तसाच सोडता येत नाही.

आपण टाकलेल्या फोटोतच टायरच्या बाजूला, वाळलेल्या चिखलाखाली, लांबट चौकटीत ‘१५२४’ हे आकडे दिसतात. त्यांचा अर्थ २०२४ सालचा पंधरावा आठवडा, म्हणजे एप्रिलचा माल. टायर आपल्या गाडीला लागला तेव्हा तो जेमतेम दोन महिन्यांचा होता.

दहा महिने हा हिशेबही अपुरा आहे. टायर बसवताना बिलावर लिहिलेले मीटर ३१,४१२ होते आणि गेल्या आठवड्यात आपण आलात तेव्हा ते ५४,९०० च्या पुढे गेले होते. कराड-सातारा रोज जाऊन-येऊन करणाऱ्या गाडीला साडेतेवीस हजार किलोमीटर दिलेल्या टायरला मी तरी वाईट म्हणणार नाही. महामार्गावर गाडी कलत नाही, त्यामुळे मधला पट्टाच घासत राहतो. मी स्वतः गेज लावून पाहिले, तर खाचेची खोली मध्ये १.२ मिलिमीटर आणि कडेला ४ च्या वर भरली.

तरीही यात आमची एक चूक आहे आणि ती मान्य करतो. गेल्या आठवड्यात तपासली तेव्हा आपल्या मागच्या चाकात ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा निघाली. कंपनीने सांगितलेली हवा एकट्यासाठी २८ आणि डबलसीट ३२ आहे. वही चाळली, तेव्हा जानेवारीत आपण पंक्चरसाठी आमच्याकडेच आल्याची नोंद सापडली. साबणाच्या पाण्यात बुडबुडे नीट दिसावेत म्हणून हवा वाढवतात. ती उतरवायची आमच्या मुलाकडून राहून गेली असणार. जादा हवेने टायर फुगतो आणि मधल्या पट्ट्यावरच भार येतो, म्हणजे आधीच होत असलेली झीज आम्ही वाढवली. आता पंक्चरच्या पावतीवर सोडतानाची हवा लिहिली जाते.

१२० चा टायर न देण्याचा निर्णय मात्र माझा होता आणि आजही तोच राहील. आपल्या गाडीची रिम १००/९०-१७ टायरसाठी आहे, म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १७ इंची. अरुंद रिमवर १२०/८० चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि ज्या पकडीसाठी रुंद टायर हवा होता तीच हाती लागत नाही. शिवाय चाकाची उंची १२ मिलिमीटरने वाढते आणि चेनजवळची जागा कमी होते. गाडी रुबाबदार दिसते, हे खरे.

नवा टायर घेताना, आमच्याकडून घ्या अथवा इतरत्र, मापाबरोबर ‘५५ पी’ हे अक्षर-आकडे पाहावेत: ५५ म्हणजे २१८ किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. याहून कमी चालणार नाही. आपल्या धावपळीला कडक रबराचा टायर जास्त टिकेल, पण ओल्या रस्त्यावर मऊ रबर अधिक धरते. सातारा रस्त्यावर पावसात रोज जाणाऱ्याला मी थोडे आयुष्य कमी पत्करून मधल्या प्रतीचाच टायर सुचवतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीची खाच ०.८ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये, आणि आपला टायर त्याच्या अगदी जवळ आला आहे. पूर्ण परतावा देता येणार नाही, परंतु आमच्या चुकीपोटी फिटिंग व बॅलन्सिंगचे पैसे घेणार नाही. मात्र जूनच्या पावसाआधी यावे, आणि पुढचा टायरही तेव्हाच मोजून घेऊ.

आपला,
दुकानमालक