खुर्चीचा जन्मदाखला

आमच्या सासरी एक झुलती खुर्ची आहे. तिचं वय सांगण्याआधी विचारणाऱ्याचा हेतू बघायचा, अशी घरात पद्धत आहे. घ्यायला आलेल्याला ती सव्वाशे वर्षांची. वाटणीत पदरात पाडून घ्यायची असेल तर "कसली जुनी हो, बाबांनी अशीच कुठूनतरी आणलेली".

साताऱ्याचा वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं, तेव्हा पितळेची भांडी, फडताळं, समया यांच्या वाटण्या एका दुपारीत उरकल्या. अडलं ते खुर्चीपाशी. तोवर तिच्यात कुणी बसतही नव्हतं, कारण वेत फाटला होता आणि फाटक्या वेतावर जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता. पण कुठलीशी जुनी खुर्ची लाखांत विकली गेल्याचं भाऊजींनी मोबाइलवर वाचलं आणि पंचांगं जमिनीवर आली.

भाऊजींचा पहिला निष्कर्ष, ही थोनेटची खुर्ची. व्हिएन्नाच्या या कारखान्याने 1860 च्या सुमाराला झुलत्या खुर्च्या काढल्या, त्यांना आता जगभर मागणी आहे, वगैरे. माहिती खरीच होती. फक्त थोनेटची खुर्ची म्हणजे बीचचं लाकूड वाफेवर वाकवून केलेली, वेलांटीसारखी वळणं घेत जाणारी. मुंबईतल्या इराण्यांच्या हॉटेलांत असतात ना, त्या घराण्यातली. आमची खुर्ची सागवानी, काटकोनात बसणारी, वळण म्हणून कुठे नाही. भाऊजी म्हणाले, "सुरुवातीचं मॉडेल असेल."

नानाकाकांना ऑस्ट्रिया मान्य नव्हता. त्यांच्या मते लाकूड बर्मा टीक. महाराष्ट्रात जुनं सागवान बर्म्याखेरीज कुठून येतच नाही, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. दांडेलीच्या नाहीतर चंद्रपूरच्या सागाला कुणी विचारत नाही. काकांनी त्यावर आणखी एक मजला चढवला. लोकमान्य टिळक साताऱ्याला आले असताना याच खुर्चीत झुलत होते म्हणे. टिळक 1908 ते 1914 मंडालेला, मंडाले ब्रह्मदेशात, खुर्चीचं लाकूड ब्रह्मदेशचं. "आता आणखी काय पुरावा पाहिजे?" महाराष्ट्रातल्या ज्या ज्या घरांत टिळक बसून गेल्याचं सांगतात, ती सगळी खरी धरली तर त्या माणसाला 'केसरी' लिहायला उभं राहूनच वेळ मिळाला असेल. पण हे मी मनात म्हटलं. सून आहे मी.

मग जुन्या फर्निचरचा एक व्यापारी आला. त्याने खुर्ची उलटी केली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "मॅडम, सत्तर सालची आहे. चार हजार देतो, ते पण तुम्ही म्हणता म्हणून." आम्ही काहीच म्हटलं नव्हतं. पुढे त्याच्या दुकानात जाणं झालं, तर तिथे अशाच एका खुर्चीवर 'ब्रिटिश काळातील, दुर्मिळ' अशी चिठ्ठी आणि किमतीत शून्यं मोजायला बोट लावावं लागेल अशी. त्याच्या दारातून आत येताना वस्तू तरुण असते आणि बाहेर पडताना म्हातारी, एवढाच त्या धंद्यातला नियम मला कळला.

या गदारोळात अमेरिकेतल्या नणंदेचा फोन आला. खुर्ची तिला न्यू जर्सीला हवी होती. भाऊजींनी ताबडतोब कायदा काढला. 1972 च्या कायद्याप्रमाणे कारागिरीची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू, आणि ती देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला बंदी. झालं! लहानपणापासून "आमच्याकडे शिवकालीन फर्निचर आहे" असं वर्गात सांगत आलेली नणंद एका रात्रीत खुर्ची जेमतेम पन्नाशीची असल्याचं सांगू लागली. भाऊजी तिला शंभराच्या खाली येऊ देईनात. लिलावात बोली चढते तसं एकीकडे वय वर जात होतं आणि व्हिडिओ कॉलवर खाली येत होतं.

शेवटी माझ्या नवऱ्यातला इंजिनिअर जागा झाला. लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेला आकसतं, उभ्या दिशेला जवळपास नाहीच. आणि आडवं आकसणंही सगळीकडून सारखं नसतं. त्यामुळे कातलेला गोल पाय वर्षानुवर्षांत लंबगोल होतो. नवऱ्याने व्हर्निअर कॅलिपर आणला आणि पुढच्या पायाला लावला. एका बाजूने 41 मिलिमीटर, फिरवून मोजलं तर 39. आख्खं घर वाकून बघत होतं. हाताखालच्या दांड्यात मात्र एक स्टार स्क्रू निघाला, आणि हा अधिक-चिन्हाचा स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात आला. नणंद पडद्यावर टाळ्या वाजवायला लागली. "ती दुरुस्ती असेल," भाऊजी म्हणाले. बाकीचे स्क्रू एका खाचेचे होते, खाचा मधोमध नव्हत्या, म्हणजे हाताने पाडलेल्या, जुन्या. टाळ्या थांबल्या.

खरा निवाडा केला वेत विणणाऱ्या गृहस्थांनी. खुर्च्यांचा वेत विणण्याचं काम आपल्याकडे अंध कारागीर वर्षानुवर्षं करत आले आहेत, हेही दृष्टिहीन. त्यांनी बैठकीच्या चौकटीवरून अंगठा फिरवला. "भोकं हाताच्या गिरमिटाने पाडलीत. अंतर सारखं नाही बघा. आताचा तयार जाळीचा वेत खाचेत दाबून बसवतात, त्याला भोकंच नसतात." आम्ही डोळे असून कधी बघितलं नव्हतं. मग हात खाली गेला, पायाच्या टोकाशी थांबला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली. "पाय कापलेत की हो."

"म्हणजे?"

"ही साधी खुर्ची होती. पाय आखूड करून खाली कमानी नंतर ठोकल्यात. कमानींचं लाकूडही वेगळं आहे, हलकं. वास घ्या."

सगळ्यांनी आळीपाळीने गुडघ्यांवर बसून खुर्चीचा वास घेतला. भाऊजींनी दोनदा घेतला. वाटणीच्या कागदांवर सही करायला आलेल्या आत्याबाई इतका वेळ चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, "मग! माझ्या पहिल्या बाळंतपणात बाबांनी बसवून घेतल्या त्या. पोर रात्रभर रडायचं ना. पानशेत फुटलं त्या वर्षी." पानशेत 1961. एवढे दिवस हे कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

नानाकाकांचा चेहरा बघवत नव्हता. 1920 साली गेलेले टिळक 1961 च्या कमानींवर झुलणं जरा अवघडच होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बसले असतील. झुलले नसतील."

व्यापाऱ्याला फोन केला तर जोडकाम म्हटल्यावर तो चार हजारांवरून अडीचवर आला. नव्या वेताची मजुरी त्याहून जास्त. किमतीचा प्रश्न असा मिटला, तरी वयाचा मिटेना, कारण आता एकाच खुर्चीला दोन वयं होती. वरचा भाग शंभरीपार, असं भाऊजींचं म्हणणं. खालचा साठीतला, याला साक्षीदार हजर. नवरा वैतागून म्हणाला, "मग वरचं भाऊजवळ राहू दे, खालच्या कमानी ताईला द्या. कायदाही मोडणार नाही."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. आम्हाला वाटलं ती चिडली. मग नणंदेने विचारलं, "कमानींची लांबी किती आहे रे? तेवीस किलोच्या बॅगेत तिरप्या बसतील?"

नवरा पुन्हा कॅलिपर शोधायला गेला.