दिंडोरी, घोलवड आणि तुमचा राग

दादा, नाशिकजवळचं दिंडोरी आणि समुद्रकाठचं घोलवड इथल्या प्रवासावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वरूडकडे संत्र्याच्या बागा पाण्यावाचून वाळताहेत, गावोगाव दारूनं घरं बसली, आणि ताई, तुम्ही नाशकात जाऊन वाईनचे गोडवे गाता, वर समुद्रावर फिरून येता. मैत्रिणींची भेट हे निव्वळ निमित्त, असं तुम्ही म्हटलंत. ज्या गोष्टींचा तुम्हाला राग आला त्या खऱ्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दारूचं. आमच्या गावातलं देशीचं दुकान बंद व्हावं म्हणून आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करायच्या मतदानासाठी, दारोदार सह्या मागत फिरणाऱ्या बायांमध्ये मी होते. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या चालत नाहीत, गावातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. मजुरी बुडवून बाया रांगेत उभ्या राहिल्या, तरी आम्ही थोडक्यात हरलो. दिंडोरीत दोन घोट चाखले ते लेखात लिहिलं, कारण लपवणं मला जमलं नसतं. पण रंग, वास, चव यांवर तीन परिच्छेद आणि ती द्राक्षं पिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीवर चार ओळी, हे माझं चुकलंच. तिला विचारून आज उरलेलं लिहिते आहे.

अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत राहिलो. एक दर्यापूरची, तिला दिंडोरीत दिली. दुसरी आर्वीची, ती लग्न होऊन घोलवडच्या चिकूच्या वाडीत गेली. तिघी एकत्र भेटलो त्या 19 वर्षांनी.

सरकारनं 2001 मध्ये वाईनचं धोरण आणलं तेव्हा दिंडोरीच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी दोन एकरातली थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून वाईनची द्राक्षं लावली. 2008 च्या मंदीनंतर वाईनला उठाव राहिला नाही, टाक्या भरलेल्या पडल्या, आणि ज्या कारखान्याशी करार होता त्यानं माल उचललाच नाही. ही द्राक्षं खायच्या बाजारात कोणी घेत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. घड वेलीवरच सडले. एक एकर तिनं उभं राहून मुळासकट काढून घेतलं. हे ती मला शेतात बोलली नाही, घरीही नाही. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत आम्ही घोलवडला पोचलो, संध्याकाळी बोर्डीच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, पाणी फार लांब गेलेलं, सुरूच्या झाडांपासून चालतच राहिलो. ओल्या वाळूत मध्येच थांबून ती म्हणाली, "सासूसमोर नाही सांगता येत वं." मग सगळं सांगितलं. तुम्हाला खटकलेला समुद्र तो हा.

राहिलेल्या एकरात आज ती दुसऱ्या कारखान्यासाठी द्राक्षं घेते. सकाळी तिनं वेगवेगळ्या वेलींचे मणी खुडले, बोटांनी चिरडून एकेकाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे गोडी मोजायच्या यंत्राच्या, काचेवर टाकला आणि मला डोळा लावायला सांगितला. 22 ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर. "अजून चार दिवस," ती म्हणाली. जात कोणती, गोडी किती, त्यावर भाव काय, हे तिच्या कराराच्या कागदावर तोडणीच्या आधी लिहिलेलं असतं. मला हेवा वाटला तो त्या कागदाचा. आपल्याकडे व्यापारी अंबिया बहाराच्या संत्र्याच्या बागेतून एक चक्कर मारतो, झाडांकडे पाहून उक्ता आकडा बोलतो, इसार देतो. मग फळगळ झाली, बाजार पडला किंवा बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं, की तो परत येत नाही. मागच्या अंबियाला माझ्या बागेत हेच झालं. चुरी, म्हणजे बारीक संत्री, तर रस्त्याच्या कडेला ओतली. कागद असूनही माणूस बुडतो हे मैत्रिणीनं भोगलं, म्हणून तिचा नवा करार मी ओळन् ओळ वाचला. माल उचलला नाही तर भरपाई किती आणि किती दिवसांत, हे कलम तिनं या खेपेला भांडून घालून घेतलंय.

पाण्याबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आपण बोअर खाली नेत राहिलो आणि पाणी त्याहून खाली गेलं. म्हणूनच दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाबद्दल लिहायला हवं होतं, ते राहून गेलं. तिथे शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था कालव्याचं पाणी मोजून घेतात, आपसात वाटतात, पाणीपट्टीही स्वतःच गोळा करतात. धरण नाही तिथे हे कसं करायचं, हा प्रश्न मी मैत्रिणीच्या सासऱ्यांना विचारला. त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या गावात बोअर किती, ते तरी कोणी मोजलेत का?" मला उत्तर देता आलं नाही. परतल्यावर मोजायला सुरुवात केली आहे. आजवर 64 झाले, अर्धं शिवार बाकी आहे.

मार्चमध्ये मृग बहाराची संत्री उतरायला लागली की दोघी माझ्याकडे येणार आहेत. दिंडोरीची तिच्या कराराची प्रत आणणार आहे. वरूड दूर नाही, त्या दिवशी तुम्हीही या. तुमच्या शिवारातले बोअर मोजून आणलेत तर फारच बरं.