‘माकडही काढेल’ म्हणणाऱ्यांना

परवा घरच्या ग्रुपवर धुळ्याहून नानांचा फॉरवर्ड आला, त्याचं म्हणणं असं: ज्याला धड हात-पाय काढता येत नाहीत तो फराटे मारून त्याला मॉडर्न आर्ट म्हणतो. स्वीडनमध्ये माकडाची चित्रं समीक्षकांनी वाखाणली. हे पाश्चात्त्यांचं खूळ आणि कोट्यवधींची लूट. खाली पुतणीसाठी नानांची ओळ: ‘वाचलंस?’ चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालेली पोर, हल्ली ब्रश बाजूला ठेवून बोटांनी रंगवत होती. तिने कागद गुंडाळून ठेवले. नाना, म्हणून हे लिहितोय.

माकडाचं खरं आहे, तेवढं मान्य. १९६४ साली गोटेबर्गमध्ये चिंपांझीची चित्रं खोट्या नावाने लावली आणि एक समीक्षक फसला. पण एक जण फसल्याने काय सिद्ध झालं? २०११ साली हॉली-डोलन आणि विनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे रीतसर तपासलं. नामांकित चित्रकाराचं अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार नसलेलं चित्र आणि शेजारी मुलाचं, माकडाचं किंवा हत्तीचं तसंच दिसणारं, अशा जोड्या लोकांपुढे ठेवल्या. काहींखाली मुद्दाम उलटी नावं. एकूण ६० ते ७० टक्के वेळा लोकांनी चित्रकाराचंच चित्र सरस म्हणून निवडलं, आणि त्यात चित्रकला न शिकलेलेही होते.

‘काढता येत नाही म्हणून’ हा मात्र निव्वळ विषारी मुद्दा. नागपूरला जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे रोलर आणि चाकूने रंग चढवत, काढत वर्षाला मोजकेच कॅनव्हास करायचे. रेघा-चौकोनांच्या चित्रांसाठी ओळखला जाणारा डच चित्रकार माँद्रियान, त्यानेही आधी वर्षानुवर्षं झाडं, नद्या रंगवल्या. जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवणारा अमेरिकी चित्रकार पोलॉक १९५०च्या चित्रीकरणात दिसतो. रंगाच्या धारेवर आपला ताबा असतो, अपघात नसतो, असं तो त्यात स्वतः सांगतो. उत्स्फूर्तपणा तयार हातालाच परवडतो. आणि हात तयार होतो तो खेळूनच! चित्रकार पाउल क्लेने तर स्वतःची लहानपणची चित्रं आपल्या कामांच्या यादीत मानाने नोंदवली. पोरीची बोटं रंगात होती तेव्हा ती शिकतच होती, नाना.

पाश्चात्त्य खूळ? शिवेवरच्या म्हसोबाच्या शेंदरी दगडाला नाक-डोळे नसतात, तरी आपण हात जोडतोच ना.

किमतीचा राग लिलाववाल्यांवर काढा. रविवर्म्यांची चित्रंही कोटींनी जातात, त्याला कुणी लूट म्हणत नाही.