‘मेलेलं बी विकतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

लुपिन या फुलझाडाच्या 12 बियांपैकी नवव्या दिवसापर्यंत एकही वर आली नाही, म्हणून ‘मेलेलं बी विकतात’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. मेसेजला उत्तर द्यायला दोन दिवस लागले, तीही चूक आमचीच.

पण ‘मेलेलं’ या शब्दाबद्दल बोलणं भाग आहे. नवीन माणूस तेवढंच वाचतो आणि निघून जातो.

लुपिनला उगवायला 15 ते 20 अंश तापमानातही साधारण 10 ते 20 दिवस लागतात. तुम्ही नवव्या दिवशी निकाल लावलात. त्यात, तुम्हीच लिहिलंय, तिसऱ्या दिवसापासून रोज माती बाजूला करून पाहत होतात. आता तुमचाच फोटो जरा मोठा करून बघा. वरच्या ओळीतल्या चार बिया फुगलेल्याच नाहीत, कोरड्या खड्यासारख्या आहेत. खालच्या ओळीत डावीकडून पहिली बघा: अर्धा सेंटीमीटर पांढरं मूळ बाहेर आलंय आणि त्याचं टोक तपकिरी पडलंय. मेलेल्या बीला मूळ फुटत नाही, मॅडम. उकरताना टोक दुखावलं की असंच दिसतं. लुपिनला सोटमूळ असतं, ते सुरुवातीलाच मोडलं तर रोप खुरटतं किंवा कोलमडतं. म्हणून ट्रेमध्ये रोपं करून नंतर उपटून लावू नका असं आम्ही सगळ्यांना सांगतो. थेट कुंडीत एक सेंटीमीटर खोल पेरायचं, नाहीतर कागदी कपात पेरून कपासकट कुंडीत ठेवायचं.

न फुगलेल्या चार बियांचं कारण वेगळं. कवच इतकं टणक असतं की नुसतं रात्रभर भिजवून पाणी आत जाईलच असं नाही. बीचा डोळा (बी शेंगेला चिकटलेलं असतं तिथली खूण) सोडून दुसऱ्या बाजूनं पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासायचं, आतला फिका रंग दिसला की थांबायचं, मग कोमट पाण्यात 12 ते 24 तास ठेवायचं. टम्म फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासायचं. 24 तासांच्या पुढे मात्र पाण्यात ठेवू नका, कुजतं.

मागे दिसणारी कुंडीही उथळ वाटते. निदान 12 इंच खोल हवी, आणि गच्चीच्या स्लॅबवर थेट नको, विटांवर ठेवा. तळ तापला की मुळं भाजतात आणि भोकं बंद झाली की पाणी साचून मूळकूज होते. ‘अर्धी कुंडी गांडूळखत घातलं’ असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय, पण लुपिन शेंगवर्गातलं आहे, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंमुळे हवेतला नत्र त्याला मिळतो. इतकं खत घातलं तर झाड नुसतं माजतं, तुरे येत नाहीत. राख किंवा चुना तर अजिबात नको, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हाही बियांनाच नाव ठेवलं जातं.

पाकिटावर ‘बी भिजवून पेरा’ एवढंच छापलंय, घासण्याचं नाही, हे मान्य. पुढच्या छपाईत त्याचं बघतो. उत्तरं लवकर जातील असंही काहीतरी करतोय. तुमच्यासाठी नवीन पाकीट आजच काढून ठेवलंय, पत्ता तोच असेल तर तसं कळवा.

त्या चार बिया टाकून दिल्या नसतील तर घासून पुन्हा भिजवा. एक जरी फुगली, तरी स्टार हवे तेवढेच राहू द्या, फक्त ‘मेलेलं’ एवढं काढा.